भाकरीचे जगले, डाळीचे मेले

मी संशयी बाई आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि लाजूनही नाही. दूध आलं की थेंब नखावर ठेवून बघते, मेथीची जुडी सोडून आतल्या काड्या बघते, आणि कुणी फार गोड बोलायला लागलं की आधी दोन पावलं मागं सरते. माझे यजमान नरडाण्याला एका कंपनीत आहेत, शनिवारच्या गाडीनं धरणगावला घरी येतात. ते म्हणतात, तू मास्तरीण चुकून झालीस, तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. मी त्यांना सांगते, चौथीचा वर्ग सांभाळणं आणि पोलिसात असणं यात फार फरक नाही.

माझी शाळा धरणगावच्या पुढे, कपाशीच्या शिवारात. आम्ही दोघंच शिक्षक. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. शाळेच्या मागं कुंपणाची भिंत आहे, ती एका ठिकाणी खचलेली आहे, आणि त्या खिंडारापलीकडे आबांचा मका उभा असतो. आबा म्हणजे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. धोतर पांढरं स्वच्छ, आवाज मोठा, आणि शाळेत काही कमी पडलं की आधी धावून येणार तेच. मला त्यांचा पहिल्यापासून थोडा संशय होता. एवढं धावून येणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं, असं माझं गणित.

आणि अक्का. अक्का आमची खिचडी शिजवते. गावात तिचं वय कुणाला ठाऊक नाही, पण अख्खं गाव तिला अक्काच म्हणतं. सकाळी शाळेचं कुलूप तीच उघडते, झाडून घेते, हापशीवरून पाणी भरते. दुपारी खिचडी झाली की आधी एक चमचा माझ्याकडे येतो. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची, असा नियम आहे. दुसऱ्यांना तो त्रास वाटतो, मला तो माझ्यासाठीच केल्यासारखा वाटतो.

गेल्या श्रावणात आमचा धडा होता, बी रुजतं कसं. पुस्तकातलं चित्र दाखवून तो संपवता येतो. मला पुस्तकातल्या चित्रांचाही भरवसा नाही. मी मुलांना सांगितलं, घरून एक डबा आणा आणि घरातलंच कसलंही बी आणा. मग काय, पत्र्याचे डबे आले, कान तुटलेले मग आले, आइस्क्रीमचे डबे आले, तेलाचा कापलेला डबाही आला. बियांमध्ये मूग, मटकी, तूर, हरभरा, शेंगदाणे होते, ज्वारी, बाजरी, मका, गहू होते. एकीनं गावठी सरकी आणली होती. एकानं दुकानाच्या पाकिटातली, औषध लावलेली लाल सरकी आणली, ती मी कागदात गुंडाळून घरी परत पाठवली आणि त्याला हात धुवायला लावले.

पेरण्याआधी सगळं बी भिजवलं. भिजलेला हरभरा सोलला की दोन डाळिंब्या होतात, हे मुलांना घरीच माहीत होतं. शेंगदाण्याचेही दोन तुकडे होतात. ज्वारीचा दाणा मात्र कितीही चोळला तरी एकच राहतो. मुलांनी चोळून बघितला, चावून बघितला. मी मुद्दामच नावं सांगितली नाहीत. नाव सांगितलं की मुलं बघायचं थांबतात.

डबे व्हरांड्यात ओळीनं ठेवले. पोरं रोज सकाळी प्रार्थनेआधी त्यांच्यावर ओणवी व्हायची. मुगाचं रोप मान वाकवून वर येतं आणि मग सरळ होतं, हे बघून तिसरीतली एक मुलगी दिवसभर तशीच मान वाकवून बसली होती. सगळं झकास चाललं होतं, आणि मला तेव्हाच वाटायला लागलं होतं की काहीतरी बिनसणार.

मग कानबाई आली. आमच्या खान्देशात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरात बसते आणि सोमवारी उठते, शाळेलाही त्या सोमवारी सुट्टी असते. भाऊबंद सगळे एका घरात जमतात, रोट करतात, आणि त्या दिवशी घरातलं माणूस घरात नसलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. मी धुळ्याला सासरी गेले. जाताना अक्काला बजावून सांगितलं, दोन्ही दिवस डब्यांना पाणी घाल, उन्हं फार आहेत. पावसानं तेव्हा दडी मारली होती. अक्का हो म्हणाली.

मंगळवारी शाळेत आले तेव्हा माती ओली होती. रोपं मात्र कशीतरीच दिसत होती. बुधवारी ती पिळवटली. देठ वळले, पानं वाटीसारखी आत दुमडली, आणि गुरुवारी बरीचशी मातीवर लोळत होती. तिसरीतली ती मुलगी आपल्या मुगापाशी बसून मुसमुसत होती. मला तिच्या रडण्यानं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. माझ्या वर्गात कुणीतरी हात घातला होता.

मी तपास सुरू केला, आणि मुलांनाही त्यात घेतलं. शेळी आली असेल का? शेळी वरून शेंडा खाते, इथं शेंडे जागेवर होते. उंदीर? उंदीर माती उकरून बी काढतो, माती जशीच्या तशी होती. अळी पानाला भोकं पाडते, एकाही पानाला भोक नव्हतं. गोगलगाय गेली तर चिकट रेघ राहते, मुलांनी पालथं पडून रेघ शोधली, नव्हती. कोंबडी पानं टोचते, शिवाय विष्ठा टाकून जाते. एकेक जनावर निर्दोष सुटत गेलं. उरला माणूस.

अक्काला विचारलं. ती म्हणाली, दोन्ही दिवस पाणी घातलं, दुसरं काही केलं नाही. बोलताना ती पातेलं घासत होती आणि तिनं वर बघितलं नाही. पाणी कुठंतरी मुरतंय, हे मला कळलं. पण कुठं, ते कळेना.

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. इथल्या लोकांना रोप मेलं म्हणजे एकच कारण सुचतं, औषध पडलं. आणि औषध पडलं तर कुणाच्या हातून? पाणी घालणारीच्या. आणि पाणी घालणारी कोण? खिचडी शिजवणारी. एवढी पायरी चढायला गावाला एक संध्याकाळ पुरली. शुक्रवारी अर्ध्याहून अधिक मुलं घरून जेवणाचा डबा घेऊन आली. सगळ्यांत पहिला डबा आबांच्या दुसरीतल्या नातीचा होता. अक्कानं पातेलं उतरवलं, मुलांकडे बघितलं, आणि झाकण परत ठेवलं.

त्या दिवसापासून मी एका चमच्यावर थांबणं सोडलं आणि सगळ्यांसमोर ताट भरून जेवायला लागले. काही उपयोग झाला नाही. कुंपणापाशी उभी असलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "मॅडमले पगार शे, तिले खानंच पडस." मला हसूही आलं आणि नाकाला मिरच्याही झोंबल्या. पण माझ्याच जातीचा संशय होता तो, मी काय बोलणार? गावाच्या जागी मी असते तर मीही डबाच दिला असता.

फक्त मी तिथं थांबले नसते. शनिवारी मी मुलांना सांगितलं, मेलेले डबे एका बाजूला ठेवा, जगलेले दुसऱ्या बाजूला. मला वाटत होतं, खोडी कुणी काढली ते त्यातून दिसेल. मेलेले डबे ज्यांचे, त्यांना पाण्यात पाहणारं कोण, ते शोधता येईल. दोन ओळी लागल्या. मी डब्यांवरची मुलांची नावं वाचत होते. मान वाकवून बसणारी ती मुलगी नावं वाचत नव्हती, ती डब्यात बघत होती. ती म्हणाली, "मॅडम, भाकरना बठ्ठा जित्ता शेतस. दायना मरी गयात."

भाकरीचे सगळे जिवंत आहेत, डाळीचे मेले. मी परत बघितलं. ज्वारी, बाजरी, मका, गहू, सगळे ताठ हिरवे. मूग, मटकी, तूर, हरभरा, शेंगदाणा, सगळे पिळवटलेले. सरकीची डाळ कुणी खात नाही, पण तिचेही दोन भाग होतात, तीही मेली होती. म्हणजे जे दोन होतात ते मेले, जे एकच राहतात ते वाचले. असा द्वेष माणूस करत नाही. करणीसुद्धा इतकी नेमकी नसते.

संध्याकाळी धरणगावच्या बाजारात कृषी केंद्रावर स्कूटी थांबवली आणि दुकानदाराला विचारलं, डाळीची जात मारून भाकरीची जात सोडणारं काही असतं का. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की ही आता कुणाचं शेत मारायला निघाली. मग म्हणाला, असतं की, मक्यातलं, ज्वारीतलं रुंद पानाचं तण मारायचं औषध. ते मारलं की मका तसाच राहतो. आणि वर सांगितलं, कपाशीच्या आसपास त्याचा वारासुद्धा जाऊ देऊ नका.

मका. माझ्या डोळ्यांपुढे खचलेली भिंत आली आणि तिच्यापलीकडचा आबांचा मका. घरी यजमान आलेले होते, त्यांना म्हटलं, आबांनी केलं. ते म्हणाले, कशासाठी? माझ्याकडे कारण तयार होतं. आबांच्या सुनेला खिचडीचं काम हवंय, असं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. यजमान म्हणाले, तू ऐकलंस की तुला वाटलं? मी त्यांना जेवायला वाढलं.

सोमवारी समितीची बैठक लागली, माझ्याच वर्गात. पालक मुलांच्या बाकांवर अवघडून बसले होते, अक्का दाराशी उभी होती. आबांनी सरळ मांडलं की अक्काला काढावं आणि दुसरी बाई बघावी. सर हजेरीपत्रक चाळत होते. मी म्हटलं, तिनं पाणीच घातलंय, गुन्हा काय? तेव्हा आबा मोठ्या आवाजात म्हणाले, ती खोटं बोलते, आणि खोटं बोलणारीच्या हातचं पोरांनी खायचं का?

"ती उनीच नही," ते म्हणाले. आलीच नव्हती ती. "पानी मी मारं. मन्हा पंप उचला आन् मारं."

सगळ्यांनी अक्काकडे बघितलं. मी एकटी आबांकडे बघत होते. ते मोठ्या अभिमानानं सांगत होते की रविवारी मक्यात असताना डबे सुकलेले दिसले, पोरांच्या रोपांची दया आली, म्हणून बांधावर पडलेला पंप धुऊन, पाणी भरून, भिंतीवरून येऊन फवारलं. दुसऱ्या दिवशीही फवारलं. अक्का तेव्हा भाऊबंदांकडे कानबाईचे रोट लाटत होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "कानबाईले गवू आसं सांगसू ते काम जाई, मॅडम." कानबाईला गेले असं सांगितलं तर काम जाईल, ही तिची भीती.

म्हणजे खोटं बोलली ती, आणि रोपं मारली त्यांनी. बैठकीनं पुढच्या आठवड्यात अक्काला काढायचं ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी त्याच वेळी उभं राहून सगळं बोलून टाकलं असतं, पण पुरावा नव्हता, आणि समितीच्या अध्यक्षाला पुराव्याशिवाय मास्तरणीनं बोलायचं नसतं. मी एवढंच म्हटलं की मुलांचा प्रयोग अर्धा राहिलाय, तो पूर्ण होऊ द्या, मग अक्काचं ठरवा. त्यावर कुणी हरकत घेतली नाही, बैठक तीन आठवडे पुढे गेली. डब्यांचं कुणाला काय पडलं होतं?

आता पंप हवा होता. मी आबांना गोड आवाजात म्हटलं की मुलांना फवारणीचा पंप दाखवायचाय, तो डब्यांवर मारलेलाच पाठवाल का. मला वाटलं, आता हा माणूस सापडला. मनात काही असेल तर पंप घासूनपुसून येईल, किंवा दुसराच येईल, किंवा मोडला म्हणून निरोप येईल. आबा संध्याकाळी स्वतः तो पंप पाठीवर घेऊन आले. हलवून दाखवला, आत काहीतरी डचमळलं. "थोडं पानी शे त्यामा, तेच मारा," म्हणाले, आणि निघून गेले.

माझा सगळा डाव तिथं फसला. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. या माणसाच्या मनात काहीच नव्हतं. पंप तेवढा व्हरांड्यात पडला होता. खोट्या माणसावर रागावणं सोपं असतं. भल्या माणसावर कसं रागवायचं, ते मला येत नाही.

प्रयोग मुलांनीच मांडला. कपाशीत नांगे, म्हणजे मधेच रिकाम्या जागा, पडले की भरायला म्हणून घरोघरी पिशव्यांत रोपं करून ठेवतात, त्यातली उरलेली मुलांनी आणली. सोबत मूग आणि ज्वारी नव्यानं लावली. तीन ओळी केल्या. पहिल्या ओळीला हापशीचं पाणी, मुलांच्या हातानं. दुसऱ्या ओळीला खिचडीच्या खोलीतल्या टाकीचं पाणी, अक्काच्या हातानं. अक्का आधी तयार होईना, म्हणाली, परत मेली तर? मी म्हटलं, मेली तर मेली, पण मग खरं तरी कळेल. हे बोलायला मला काय जात होतं, काम तिचं जाणार होतं. तिनं तांब्या घेतला आणि प्रत्येक पिशवीला पाणी घालताना ओठ हलवत राहिली. तिसऱ्या ओळीला आबांचा पंप. मुलांना लांब उभं केलं, तोंडाला ओढणी बांधली आणि मी स्वतः मारलं.

मग वाट बघणं आलं. अक्का रोज कुलूप उघडून आधी दुसऱ्या ओळीपाशी जायची. तिची रोपं तिच्या हातानं तरारली. तिसऱ्या ओळीतला मूग पिळवटला, ज्वारी तशीच राहिली, आणि कपाशीला जे नवं पान फुटलं ते कपाशीचं नव्हतंच. अरुंद, चिरलेलं, भेंडीच्या पानासारखं.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी आबांना बोलावलं. काही सांगितलं नाही, फक्त ओळी दाखवल्या. मुगावरून ते पुढं सरकले. कपाशीपाशी मात्र खाली बसले. ते पान बोटांत धरून उलटं केलं. कपाशीवाल्याला ते पान ओळखायला मास्तरीण लागत नाही. मग त्यांनी भिंतीला टेकवलेल्या पंपाकडे बघितलं.

"हाऊ पंप मी कपाशीमा कधीच नही नेस," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग इथं कसा आणला? माझा आवाज चढला होता, ते मला ऐकू येत होतं. आबांनी व्हरांड्यातल्या मोडक्या मगांकडे, तेलाच्या डब्याकडे बघितलं.

"माले वाटनं, पोरेसना डबा शेतस."

पोरांचे डबे आहेत, असं वाटलं. ते खरं बोलत होते. कपाशीचा पंप वेगळा आणि मक्याचा वेगळा, हे त्यांच्या हाडांत होतं. पण ते शेतासाठी. व्हरांड्यातलं त्यांना शेत वाटलं नव्हतं, खेळ वाटला होता. मला खूप बोलायचं होतं. मी एवढंच म्हटलं की आबा, अक्काचं काम शेत समजून बघा. त्यांनी पंप उचलला आणि भिंतीच्या खिंडारातून मक्यात गेले. मला वाटलं, झालं, आता हा पंप विहिरीत जाईल आणि उद्या बैठकीला ताप आला म्हणून सांगतील.

दुसऱ्या दिवशी आबा बैठकीच्या खूप आधी, दुपारच्या सुट्टीत आले. कुंपणापाशी आया उभ्या होत्या, मुलं डबे उघडत होती. अक्कानं नेहमीसारखा चमचा भरून माझ्याकडे आणला. आबा मध्ये आले आणि हात पुढे केला. म्हणाले, "चव आज मी लेस." त्यांनी तो चमचा खाल्ला, मग धोतर सावरून मुलांच्या ओळीत खाली बसले आणि ताट मागितलं. जेवता जेवता, कुणाकडेही न बघता पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं की डब्यांवर तणनाशकाचा पंप मारला तो त्यांनी, अक्काचा त्यात हात नाही. मग अक्काला म्हणाले, आखो वाढ, अजून एक पळी. अक्कानं वाढलं. ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मला ते बरं वाटलं.

त्या दिवशी बैठकीत अक्काचा विषय निघालाच नाही. पण दुपारी घरचे जेवणाचे डबे कुणी सोडले नव्हते. पोरं आबांकडे टक लावून बसली होती, आणि त्यात अदब नव्हती. ती वाट बघत होती. सुट्टी संपल्यावर मान वाकवणारी मुलगी माझ्या टेबलापाशी आली. तिनं विचारलं, आबा उद्या येतील का? कारण मूगसुद्धा लगेच पिळवटला नव्हता, मंगळवारपर्यंत उभा होता. एवढ्यात काही सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. मी तिला खोटा धीर दिला नाही. तिला मीच शिकवलं होतं. मी म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवशी आबा आले. सरळ उभे, धोतर पांढरं, आवाज जरा लहान. हाताला धरून त्यांनी नातीला आणलं होतं, आणि तिच्याकडे डबा नव्हता. तिला त्यांनी ओळीत आपल्या शेजारी बसवलं. अक्का पातेलं घेऊन आली, क्षणभर थांबली, आणि आधी नातीच्या ताटात वाढलं. आबा तिनं पहिला घास घेईपर्यंत थांबले.

मान वाकवणाऱ्या मुलीनं आपल्या डब्याचं झाकण लावलं आणि ताट आणायला गेली.